डायबेटिसवाल्यांसाठी मेडिकल आयडी ब्रेसलेट किंवा लॉकेट: काय बघून घ्यायचं आणि त्यावर काय कोरायचं

इन्सुलिन सुरू झालं की कोणीतरी जाताजाता सांगतं, एखादं मेडिकल आयडी, म्हणजे आजाराची माहिती कोरलेली वस्तू, घालत जा, आणि विषय तिथेच संपतो. मग आपण शोधायला बसतो तर समोर ढीगभर डिझाइन्स, स्टील, टायटॅनियम, सिलिकॉन, मण्यांचं, क्यूआर कोडवालं, आणि कोरायला चारपाच ओळी दिलेल्या असतात पण त्यात नेमकं काय लिहायचं हे कोणीच सांगत नाही. मी टाइप १ वाली आहे, बरीच वर्षं हे मनगटावर घालून वावरतेय, वेगवेगळे प्रकार वापरून झालेत, आणि नव्याने डायबेटिस निघालेल्या लोकांना तेच तेच परत सांगत असते, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचे निम्मे प्रश्न त्यानेच सुटतात. घालणार तुम्ही असलात तरी वाचणारा दुसराच कोणीतरी आहे, तो तुम्हाला ओळखत नाही, घाईत आहे, आणि त्या क्षणी तुम्ही त्याला धड उत्तर देऊ शकत नाही. शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हायपो, आणि ५४ च्या खाली गेली की मेंदूला ग्लुकोज कमी पडायला लागतं, माणूस गोंधळतो, जीभ जड होते, झोक जातो, घामाने भिजतो, कधीकधी उगाच भांडायलाही उठतो. बघणाऱ्याला वाटतं, प्यायलाय. दुसऱ्या टोकाला कीटोॲसिडोसिस (इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठणं) झाला तर श्वासाला ॲसिटोनसारखा वास येतो, म्हणजे तिथेही तोच गैरसमज. तर त्या अनोळखी माणसाला ती वस्तू पटकन सापडली पाहिजे आणि चष्मा न शोधता वाचता आली पाहिजे. दिसायला छान असणं वगैरे त्याच्यानंतर.

१. आधी ठरवा, तुम्हाला याची गरज किती आहे

टाइप १ असेल तर विचार करायचंच कारण नाही, घ्या. टाइप २ आहे पण इन्सुलिन घेताय, तरीही घ्या. गोळ्यांवर असाल तर गोळ्या कुठल्या ते बघा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही सल्फोनिलयुरिया गटातली औषधं हायपो करू शकतात, आणि वय जास्त असेल किंवा किडनी कमजोर असेल तर तो हायपो लांबतो, म्हणून या लोकांनीही घालावं. नुसत्या मेटफॉर्मिनवर हायपो सहसा होत नाही, तिथे तुमची मर्जी.

एक गट मात्र लोक हमखास विसरतात. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन अशी नावं प्रिस्क्रिप्शनवर असतील तर त्या औषधांमध्ये क्वचित असं होतं की कीटोॲसिडोसिस झालेला असतो आणि शुगर मात्र फार वाढलेली दिसत नाही, आणि मग तपासणाऱ्याचा अंदाज चुकू शकतो. त्यामुळे ते औषध टॅगवर (ब्रेसलेट किंवा लॉकेटच्या कोरायच्या पट्टीवर) नाही तर निदान पाकिटातल्या कार्डवर तरी आलंच पाहिजे.

ज्यांना हायपो आला तरी कळत नाही (जुन्या डायबेटिसमध्ये हे बऱ्याच जणांचं होतं, आणि बीपी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत असाल तर थरथर आणि धडधड ही लक्षणं दबून जातात) त्यांनी तर टाळाटाळ करूच नये. गरोदरपणातला डायबेटिस असेल आणि इन्सुलिन चालू असेल तर कोरीव दागिन्यावर खर्च करायची गरज नाही, तेवढ्या महिन्यांपुरता साधा सिलिकॉनचा बँड पुरतो.

२. ऑर्डर करायच्या आधी हे सगळं समोर घेऊन बसा

आठवणीतून लिहायला जाऊ नका, औषधांची स्पेलिंगं आणि ॲलर्जीची नावं हमखास चुकतात. हे लागेल:

- आत्ताचं प्रिस्क्रिप्शन, मागच्या वर्षीचं नाही
- ॲलर्जीची नोंद असलेला कागद किंवा जुनी डिस्चार्ज समरी
- इन्सुलिन पंप (अंगावर लावलेलं, सतत इन्सुलिन देणारं छोटं यंत्र), पेसमेकर, स्टेंट असं काही शरीरात किंवा शरीरावर असेल तर त्याचं कार्ड
- दोन माणसांचे फोन नंबर, आणि त्या माणसांना आधी विचारलेलं असावं
- मोजपट्टी, नसेल तर दोरा आणि फूटपट्टी

हे झालं की डॉक्टरांना पुढच्या भेटीत एकच प्रश्न विचारा: मी बेशुद्ध पडले तर समोरच्याला माझ्याबद्दल कुठल्या तीन गोष्टी कळायलाच हव्यात? त्याच तीन गोष्टी टॅगवर जातात.

३. मजकूर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोक चेनच्या डिझाइनवर आठवडा घालवतात आणि मजकूर पाच मिनिटांत टाइप करून मोकळे होतात.

जागा कमी असते. टॅगच्या साइजप्रमाणे एका ओळीत पंधरा ते वीस अक्षरं बसतात असं धरून चाला. म्हणून क्रम महत्त्वाचा, आधी आजार, मग इन्सुलिन किंवा पंप, मग जीवघेणी ॲलर्जी, मग असं दुसरं काही ज्याने उपचार बदलतील, आणि शेवटी फोन. नाव कुठे टाकायचं यावर मतं वेगवेगळी आहेत, मी ते मागच्या बाजूला टाकते, कारण नावाने हाक मारली तर अर्धवट शुद्धीतला माणूस प्रतिसाद देऊ शकतो हे खरं असलं तरी पहिल्या नजरेत दिसायला हवा तो आजारच.

माझ्यासारख्या पंपवाल्या माणसाचा मजकूर साधारण असा होईल:

टाइप १ डायबेटिस
इन्सुलिन पंप आहे
ॲलर्जी: पेनिसिलिन
संपर्क: (नंबर)

पंपाचा उल्लेख नक्की करा, कारण कपड्याखाली तो दिसत नाही, आणि जबर हायपोमध्ये पंप चालूच राहिला तर इन्सुलिन आत जात राहतं. इंजेक्शन घेणाऱ्यांनी "इन्सुलिन घेतो" किंवा "इन्सुलिनवर अवलंबून" असं लिहावं. टाइप १ मध्ये इन्सुलिन पूर्ण बंद ठेवून चालत नाही आणि दवाखान्यात कोणी तुमचं काही बोलणं ऐकायच्या आधी त्यांना हे कळलेलं बरं. नुसतं "डायबेटिस" लिहू नका, टाइप लिहा. आणि शॉर्टफॉर्म टाळा, डॉक्टरांना समजतील पण रस्त्यावरच्या माणसाला "डीएम" म्हणजे काय ते कळणार नाही.

आता काय लिहायचं नाही ते. इन्सुलिनचे डोस नको, ते सारखे बदलतात. घरचा पत्ता नको, कुठलाही सरकारी ओळख क्रमांक नको, गळ्यात घालून फिरायची ती माहिती नव्हे. फोन नंबर मात्र देशाच्या कोडसकट लिहा, म्हणजे परदेशातूनही लागेल. नंबर स्वतःचा टाकणारेही बघितलेत मी! तुम्ही खाली पडलेले असताना तुमच्याच खिशात फोन वाजून काय उपयोग.

"साखर द्या" असं कोरावं का, हे खूप जण विचारतात. मी नाही म्हणते. शुद्धीवर असलेल्या, गिळता येणाऱ्या माणसाला १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी परत शुगर बघायची हे बरोबरच आहे, पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि घाबरलेला माणूस टॅगवरचे दोन शब्द वाचून नेमकं तेच करेल. जागा उरलीच तर "बेशुद्ध असल्यास ॲम्ब्युलन्स बोलवा" हे जास्त बरं.

भाषा कुठली? तुम्ही राहता तिथले ॲम्ब्युलन्सवाले जी पटकन वाचतात ती. प्रवास जास्त असेल तर एका बाजूला स्थानिक भाषा आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी, तीही सगळी मोठ्या अक्षरांत. वळणदार, कलात्मक फॉन्ट अजिबात नको.

दुसरे आजार असतील तर जागेसाठी मारामारी होते. रक्त पातळ करायची गोळी, पेसमेकर, ॲड्रिनल ग्रंथीचा आजार असून रोज स्टेरॉइड लागणं, हे टॅगवर आलंच पाहिजे. डायलिसिससाठी हातात फिस्टुला केलेला असेल तर "डावा हात: सुई नको, बीपी नको" असं लिहा (हात जो असेल तो) आणि ब्रेसलेट दुसऱ्याच हातात घाला, फिस्टुलाच्या हातावर घट्ट काहीही चालत नाही. थायरॉइड, कोलेस्टेरॉल वगैरे तातडीत कामाचं नाही, ते कार्डवर जाऊ द्या.

४. मनगट की गळा

मदत करायला आलेला माणूस नाडी बघायला मनगट धरतो, मग गळ्याकडे बघतो. म्हणून या दोनच जागा. त्यातही मनगट वरचढ, कारण गळ्यातलं कपड्याच्या आत जातं, पाठीकडे सरकतं, आणि बाकीच्या चेनमध्ये लपतं. पैंजणासारखं पायात घालायचे प्रकार मिळतात पण मोज्याखाली कोण बघणार. अंगठीवर अक्षरं मावत नाहीत. कीचेन तर शरीरावर नसतेच. पळणारे लोक बुटाच्या लेसला टॅग लावतात, जोडीला चालेल, पण बूट काढले की संपलं.

ज्यांना मशीनवर काम करावं लागतं, किंवा मनगटावर काही घालायची परवानगी नसते, त्यांच्यासाठी गळ्यातलं ठीक, पण आखूड चेन घ्या आणि ओढ बसली तर आपोआप सुटणारी कडी असलेली घ्या. घड्याळाच्या पट्ट्यावर सरकवायचा छोटा टॅग हाही चांगला पर्याय आहे, फक्त घड्याळ चार्जिंगला लावलं की टॅगही तिकडेच राहतो हे लक्षात ठेवा. काही जण मनगटावर टॅटू काढतात. टॅटू विसरायची भीती नाही हे खरं, पण टॅटूला लोक नक्षी समजून सोडून देतात आणि औषध बदललं तर खोडता येत नाही, तेव्हा काढायचाच तर फक्त "टाइप १ डायबेटिस" आणि ओळखीचं चिन्ह एवढंच काढा, आणि त्याआधी शुगर नीट ताब्यात आहे ना ते डॉक्टरांशी बोलून घ्या, जखम भरायची असते.

५. धातू आणि तुमची कातडी

हे चोवीस तास अंगावर राहणार, अंघोळीत, झोपेत, घामात. आणि डायबेटिसमध्ये छोटी जखम भरायला वेळ लागू शकतो, बुरशीचं इन्फेक्शनही लवकर होतं, त्यामुळे घासणारी, पाणी धरून ठेवणारी वस्तू नकोच.

स्टेनलेस स्टील, त्यातही ३१६एल, हा सगळ्यात सोपा पर्याय. गंजत नाही, कोरलेलं टिकतं, खिशाला झेपतं. पण त्यात निकेल असतं, साधारण १० ते १४ टक्के. ते सहजासहजी बाहेर येत नाही म्हणून बहुतेकांना त्रास होत नाही, तरी ज्यांना कानातल्यांनी किंवा बेल्टच्या बकलने खाज सुटते, पुरळ येतं त्यांनी शुद्ध टायटॅनियम घ्यावं, त्यात निकेल नसतं आणि वजनालाही हलकं. चांदी म्हणजे ९२.५ टक्केवाली, दिसते मस्त, पण मऊ असते, काळी पडते, आणि घासून घासून चमकवताना अक्षरंही झिजतात. सोन्याचा मुलामा दिलेलं उठून दिसतं पण रोजच्या वापरात मुलामा जातो आणि खालचा धातू कातडीला लागतो, तो कुठला हे विकणारा बरेचदा सांगत नाही.

सिलिकॉन व्यायामाला, पोहायला छान. पण खाली घाम अडकतो, रोज काढून साबणाने धुवून, मनगट कोरडं करूनच परत घालावं लागतं. लेदरचा पट्टा ओला झाला की वास मारतो, रोज अंघोळीला काढावा लागतो, आणि काढलेली वस्तू परत घालायची राहते. मण्यांची फॅन्सी ब्रेसलेटं हौस म्हणून चालतील, पण टॅग मण्यांमध्ये दिसेनासा होणार नाही एवढं बघा.

हातापायांची संवेदना कमी झालेली असेल तर पट्टा रुततोय हे जाणवणारच नाही. रोज एकदा सरकवून खालची कातडी डोळ्यांनी बघायची.

६. माप आणि कडी

मनगटाच्या हाडाच्या जरा वर, जिथे ब्रेसलेट बसणार तिथे, दोरा गुंडाळून मोजा आणि त्यात एक ते दीड सेंटीमीटर मिळवा. एक बोट आरामात आत गेलं पाहिजे, पण टॅग फिरून तळहाताच्या बाजूला येईल इतकं सैल नको. हात सुजत असतील तर संध्याकाळी मोजा.

कडीकडे बारकाईने बघा. एका हाताने सहज उघडणारी कडी सोयीची वाटते पण ती बाही ओढतानाही उघडते. स्प्रिंगचा हूक किंवा घड्याळासारखी दुमडणारी कडी टिकते. बोटं आखडलेली असतील तर ताणून घालायचं ब्रेसलेट घ्या. चुंबकाची कडी पंप किंवा पेसमेकर असणाऱ्यांनी टाळलेलीच बरी, बाकीच्यांनाही मी सांगत नाही कारण झटक्यात निघते.

७. चिन्ह ओळखता यायला हवं

इथे फसवणूक नाही पण घोळ भरपूर. मेडिकल आयडीवर ओळखीची चिन्हं दोन, एक काठीला गुंडाळलेला एकच साप, म्हणजे ॲस्क्लेपियसचा दंड, आणि दुसरं सहा टोकांचा तारा ज्याच्या मध्ये हाच दंड असतो, जो ॲम्ब्युलन्सवर दिसतो. दोन साप आणि पंखवालं चिन्हही खूप ठिकाणी विकतात, ते मुळात हर्मीस या ग्रीक देवाचं, वैद्यकाचं नव्हे, तरी लोकांना दवाखान्याचंच वाटतं म्हणून फार बिघडत नाही. निळं वर्तुळ मात्र एकटं घेऊ नका. ते २००६ पासून डायबेटिसचं जागतिक चिन्ह आहे, जागृतीसाठी छान आहे, पण रस्त्यावरच्या माणसाला ते साधं गोल डिझाइन वाटतं.

चिन्ह ठळक, रंग भरलेलं असू द्या, लाल असेल तर उत्तम. इतकं नाजूक नको की समोरच्याला साधा दागिना वाटेल. ऑफिसात सगळ्यांना कळायला नको असं वाटत असेल तर पुढे फक्त चिन्ह आणि मागे मजकूर असा टॅग घ्या.

८. क्यूआर, फोन आणि नंबरवाली सेवा

ही सगळी जोडीदारं आहेत, कोरलेल्या अक्षरांऐवजी नाहीत. क्यूआर स्कॅन करायला समोरच्याकडे चार्ज असलेला फोन हवा, बहुतेक वेळा नेट हवं, आणि मुळात स्कॅन करायचं त्याच्या डोक्यात यायला हवं. कंपनीची वर्गणी संपली किंवा कंपनीच बंद पडली तर लिंक मेली. घ्यायचं तर घ्या, पण आजार आणि इन्सुलिन हे दोन शब्द साध्या अक्षरांत कोरलेले असलेच पाहिजेत.

काही संस्था टॅगवर सदस्य क्रमांक आणि चोवीस तास चालणारा फोन नंबर देतात, तिथे तुमची सविस्तर माहिती साठवलेली असते. यातली सगळ्यात जुन्यांपैकी मेडिकअलर्ट, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टर्लॉकमध्ये १९५६ साली मॅरियन कॉलिन्स या डॉक्टरांनी पत्नीसोबत सुरू केलेली. १९५३ साली त्यांच्या मुलीला धनुर्वाताच्या अँटिटॉक्सिनची जबर रिॲक्शन आली होती, त्यातून ही कल्पना निघाली, म्हणजे ही वस्तू मुळात ॲलर्जीसाठी जन्मली आणि म्हणूनच ॲलर्जीची ओळ गाळू नका असं मी म्हणते. अशी सेवा घेण्याआधी दरवर्षी किती भरायचं, तुमच्या देशातून तो नंबर लागतो का, आणि माहिती बदलायची पद्धत काय, एवढं विचारून घ्या.

फोनमध्ये फुकटात होण्यासारखं आजच करून टाका. आयफोनवर हेल्थ ॲपमध्ये मेडिकल आयडी भरा आणि लॉक असताना दिसू द्यायचं बटण चालू ठेवा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या सेफ्टी आणि इमर्जन्सी भागात अशीच सोय असते. आणि पाकिटात कागदाचं कार्ड, त्यावर सगळी औषधं, डोस, डॉक्टरांचं नाव आणि वर तारीख. टॅगवर जागा असेल तर "पाकिटात कार्ड पाहा" कोरा.

९. लहान मुलांसाठी थोडं वेगळं

मुलं वस्तू तोंडात घालतात, म्हणून अगदी स्वस्तातला, कुठल्या धातूचा ते माहीत नसलेला दागिना नको, असल्यात शिसं किंवा कॅडमियम निघू शकतं. गळ्यातलं द्यायचंच तर ओढल्यावर सुटणारंच. मनगट वाढतं म्हणून कड्या वाढवता येतील असं घ्या. नाव पुढे न टाकता मागे टाका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारायला नको. दोघा पालकांचे नंबर घाला. रंग, पट्टा मुलालाच निवडू द्या, विशेषतः टीनएजर असेल तर, कारण आपण लादलेलं ब्रेसलेट शाळेच्या दारात बॅगेत जातं.

१०. ऑर्डर देताना आणि घरी आल्यावर

विकणाऱ्याला विचारा, अक्षरं कोरतात की नुसती छापतात. छापलेलं हँडवॉश आणि सॅनिटायझरने काही महिन्यांत उडतं, ओळखीतल्या एकीचं असंच झालं आणि विकणाऱ्याने हात वर केले. लेझरने किंवा सुईने खोल कोरून काळा रंग भरलेलं घ्या. कोरण्याआधी मजकुराचं प्रूफ मागा, ते दुसऱ्याकडून वाचून घ्या, कोरलेली वस्तू सहसा परत घेत नाहीत.

हातात आली की एखाद्याला ती हातभर अंतरावरून, कमी उजेडात वाचायला सांगा. टॅगवरून बघून तो नंबर प्रत्यक्ष लावा. मग घाला आणि काढू नका. एमआरआयला मात्र काढावंच लागतं, पंपही, आणि अंगावर शुगर मोजणारा सेन्सर असेल तर तो काढायचा का ते विचारून घ्या, तेव्हा आत जायच्या आधी स्टाफला तोंडाने सांगा की मला डायबेटिस आहे, आणि बाहेर आल्याबरोबर परत घाला.

औषध बदललं, पंप लागला किंवा निघाला, नवीन ॲलर्जी कळली, संपर्काच्या माणसाचा नंबर बदलला, यातलं काहीही झालं तर नवीन टॅग करा. एरवी वर्षातून एकदा वाढदिवसाला वाचून बघितलं तरी चालतं. जुना टॅग ड्रॉवरमध्ये जपून ठेवू नका, घाईत एखाद्या दिवशी तोच हातात चढतो, आणि टाकताना त्यावरचं नाव आणि नंबर खिळ्याने खरवडून मगच टाका.